बाद भोपळा

मी एक जुना सत्तूर आहे. मित्रांनो, जरा लांबच बसा. म्हातारा झालो तरी माझी धार आणि माझा स्वभाव दोन्ही तसेच आहेत.

लोहाराने मला लाल तापवून, बडवून बडवून घडवले. तेव्हापासून तोडणे एवढेच मला ठाऊक. खाटकाच्या दुकानात मी हाडे अशी फोडत असे, की गिऱ्हाईक म्हणे, "याला म्हणतात हत्यार!" मी फुशारून जाई. पुढे मालकाला अवाढव्य भोपळ्यांच्या स्पर्धेचे वेड लागले आणि तो मला परसात नेऊ लागला. वेलावर एकच फळ ठेवायचे, म्हणजे सगळे बळ त्यालाच मिळते. बाकीच्या कोवळ्या फळांची मुंडी मी उडवायचो. मालकीण मात्र त्या एका भोपळ्याला पोटच्या पोरासारखे जपे. उन्हात त्याच्यावर जुनी चादर घाली, येता-जाता त्याला थोपटी.

स्पर्धा तोंडावर आली, तसा मालक वेलाला पाणी पाजतच सुटला.

"अहो, पुरे आता! फुटेल तो," ती म्हणाली.

"गप बस. यंदा ढाल आपल्याच घरात आली पाहिजे."

काट्यावर आमचा भोपळा सगळ्यांत भारी ठरला म्हणे. टाळ्याही पडल्या. मग परीक्षकाने बुडाशी चाचपले आणि त्याचे बोट थेट आत गेले. चीर आतल्या पोकळीपर्यंत पोचली, की फळ बाद, असा तिथला नियम. अति तिथे माती!

भोपळा परसात परत आला. मालकाचे दात कराकरा वाजत होते.

"बाद तर बाद. केवढा झालाय, बघा तरी! माझं तर मन भरलं," मालकीण म्हणाली.

झाले! मालकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मला खुंटीवरून ओढले आणि भोपळ्यावर घाव घातला. साल तडकली, गर उडाला, बिया भिंतीला चिकटल्या. दुसरा घाव. तिसरा. "नका हो, नका!" म्हणत तिने भोपळ्यावर हात टाकला. मित्रांनो, सुटलेल्या सत्तुराला मागे फिरता येत नाही. तिची दोन बोटे गरात पडली.

मालकाने मला भिरकावले, तिचा हात आपल्या सदऱ्यात गुंडाळला आणि तो ओक्साबोक्शी रडला. मी तेव्हापासून परसातल्या खोपटात धूळ खात पडलो आहे.

पुढच्या वर्षी पाणी कधी तोडायचे, ते तिनेच ठरवले. भोपळा जिंकला. मालक ढाल घेऊन धावतच परसात आला. "घे, ही तुझीच!" सवयीने तिने उजवा हात पुढे केला. पकड बसली नाही. ढाल खणकन खाली पडली. मालक ती उचलायला वाकला.

"राहू द्या ती," ती म्हणाली. "आधी बिया वाळत घाला. ऊन जाईल."

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. पण संतापाच्या भरात माझ्याकडे बघूसुद्धा नका. मला घाव घालता येतो. आवरायचे ते हातानेच.