परत काय दिलंत?

मामांच्या कारखान्यात बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनत. दाब ठरलेल्या आकड्यापुढे गेला की व्हॉल्व्हने आपणहून उघडून वाफ सोडायची. नाही उघडला तर बॉयलर फुटतो. माल तपासायचं काम भाचीकडे होतं, आणि माल तपासायला येणाऱ्यांना तपासायचं काम मामांकडे. कोणाला काय चालतं हे आपल्याला माणूस गाडीतून उतरतानाच कळतं, असं मामा स्वतःच सांगत.

या वेळचा तपासनीस परदेशी गिऱ्हाइकाने पाठवला होता. दारातून आत येताना त्याला वाकावं लागे, म्हणून कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचा 'लंबू' करून टाकला. त्याने माल पास केला तर वर्षभराचं काम. नाही केला तर दुसरी पाळी बंद आणि त्या पाळीतली माणसं घरी. आणि त्या माणसांना तसं सांगायला मामा भाचीलाच पाठवणार होते.

चहा झाल्यावर मामांनी घड्याळाची डबी पुढे सरकवली. भाचीने मान खाली घातली. असल्या गोष्टींचा तिला मनापासून तिटकारा होता. लंबूने मात्र दोन्ही हातांनी डबी घेतली, तोंडभर कौतुक केलं आणि खिशात टाकली. तो बाहेर पडताच मामा म्हणाले, "बघितलंस? देश कुठला का असेना, खिसे सगळ्यांना असतातच. काम फत्ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबू आला तो हातात एक डबी घेऊन. आत मामांसाठी पेन होतं, चांगलं भारीतलं. शब्द जुळवत तो सावकाश म्हणाला, "आमच्याकडे भेट नाकारली तर देणाऱ्याचा अपमान होतो. म्हणून घ्यायची, आणि कामाला हात लावायच्या आधी तेवढ्याच किमतीची परत द्यायची. आता तुमचं माझ्यावर काही नाही. चला, व्हॉल्व्ह दाखवा."

ढिगातून त्याने स्वतःच्या हाताने पाच व्हॉल्व्ह उचलले. चाचणीच्या बाकावर पहिला वेळेवर उघडला. दुसरा मात्र आकडा उलटून गेला तरी ढिम्म. चौथ्याचीही तीच गत. लंबूने दाब उतरवला. "हा माल जाणार नाही," एवढंच बोलून तो हात धुवायला गेला.

मामांचा पारा चढला. "घेतलं आणि काम केलं नाही! ह्याला काय म्हणायचं? आपले लोक परवडले. घेतात, पण घेतल्याला जागतात तरी!"

"मामा, त्यांनी परत दिलंय."

"तेच तर! घड्याळाचं पेन करून मोकळा झाला लेकाचा!"

एरवी भाची पोट धरून हसली असती. आता तिला फक्त दुसऱ्या पाळीतले चेहरे दिसत होते.

लंबू हात पुसत आला. "स्प्रिंग जास्त कडक आहेत, म्हणून व्हॉल्व्ह उघडत नाहीत. स्प्रिंग तपासता ना?"

"हो. आधी स्प्रिंग यंत्रावर दाबून बघतो. ती पास झाली की जोडलेला व्हॉल्व्ह गळतो का, एवढंच बघायचं राहतं."

त्याने भिंतीलगतच्या स्प्रिंगच्या खोक्यांकडे बोट केलं. "ह्यांतल्या बघितल्या?"

"ह्या नाही. ह्या पाठवणारा स्प्रिंगवाला आमचा जुना माणूस आहे. याची खोकी थेट जोडणीला जातात."

"कधीपासून?"

भाची उत्तर द्यायला गेली आणि थांबली. ती नव्या घरी राहायला गेली, तेव्हापासून. स्प्रिंगवाल्याने तेव्हा कपडे धुण्याचं मशीन पाठवलं होतं. "ताई, भावाने दिलं समजा." नको नको म्हणत तिने ठेवून घेतलं. त्यात लाच कसली? त्याने बदल्यात काही मागितलं नव्हतं, पुढेही कधी मागितलं नाही. फक्त त्यानंतर त्याची स्प्रिंग यंत्रावर चढवायची म्हटलं की तिलाच अवघडल्यासारखं व्हायचं. भावासारख्या माणसावर संशय कसा घ्यायचा? एकदा राहिलं, मग राहतच गेलं.

हे सगळं तिने मामांच्या देखत एका दमात सांगून टाकलं.

लंबूने शांतपणे विचारलं, "मग तुम्ही त्याला परत काय दिलंत?"

"खोकी तपासली नाहीत," भाची म्हणाली. "हेच दिलं."

"अगं, काहीतरीच काय!" मामा मध्ये पडले. "घरच्यासारखा माणूस तो. मशीन एवढं खुपत असेल तर आजच परत पाठव. आपण स्प्रिंग बदलू, माल नव्याने जोडू, साहेबांकडे थोडी मुदत मागू. मिटलं!"

"मशीन जाईल हो परत, मामा. पण नव्या घरात मला वर्ष होत आलं."

मामांना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ते स्टुलावर बसले. वर्षभरात गेलेले व्हॉल्व्ह कुठे कुठे बसलेत हे दोघांनाही ठाऊक होतं. बिस्किटांचा कारखाना, कापड रंगवणारे, इस्पितळाचं स्वयंपाकघर. या घटकेला तिथले बॉयलर पेटलेले असणार.

भाचीने आधी इस्पितळाला फोन लावला. "बॉयलर बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"असा कसा बंद करू?" पलीकडचा माणूस वैतागला. "व्हॉल्व्ह पास झालाय की. कागदावर तपासणाऱ्याची सही आहे."

"माझीच आहे ती," भाची म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. बंद करा."