कँटीन बंद होणार म्हणे!

आमच्या घरात बाबांचं काम लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि आईचं काम स्वतःचं तोंड बंद ठेवायचं. बाबा दातांचे डॉक्टर आहेत. आई गुप्तचर खात्यात आहे. हे ऐकलं की माझ्या वर्गातल्या मुली डोळे विस्फारतात. त्यांना वाटतं, आई काळा चष्मा लावून गच्च्यांवरून उड्या मारते. आई लिफ्ट बंद असली तरी कुरकुरते! ती दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेले अहवाल वाचते, हिरव्या पेनाने खुणा करते, आणि घरी आल्यावर "आज काय झालं?" विचारलं की म्हणते, "कागद आले, कागद गेले."

त्यामुळे त्या रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर आपणहून कागद पसरले, तेव्हा मी चाटच पडले.

"बघू?"

"बघ. गुप्त काही नाही. गुरुवारच्या मीटिंगचा कार्यक्रम आहे. झोप आली तर सांग, कारण सगळ्यांनाच येणार आहे."

मी वाचलं. एकूण नऊ विषय. पहिला, प्रास्ताविक. दुसरा, अहवाल-लेखनाच्या मानकांची पार्श्वभूमी. तिसरा, मानकांची गरज. चौथ्यापाशी माझी मान कलली. नववा होता, 'निर्णय (वेळ उरल्यास)'. शिवाय सोबत बेचाळीस स्लाइड.

"वेळ उरल्यास?" मी किंचाळलेच. "आई, निर्णयासाठी मीटिंग आहे ना? मग तोच शेपटाला?"

"मागच्या दोन्ही वेळा असाच कार्यक्रम होता."

"आणि मागच्या दोन्ही वेळा काय झालं?"

आईने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग सांगितलं.

तिला एक साधा नियम हवा होता. अहवालातल्या प्रत्येक बातमीपुढे एक रकाना. त्यात लिहायचं, हे स्वतः पाहिलं, की ऐकलं, की अंदाज आहे. ऐकलं असेल तर कोणाकडून, आणि त्याने कोणाकडून. बस्स. दोनदा हा नियम सगळ्या विभागप्रमुखांपुढे गेला आणि दोनदा एकाच माणसाने तो पाडला. बाहेर फिरून बातम्या आणणाऱ्या विभागाचे ते प्रमुख. घरी आम्ही त्यांना मिशीवाले म्हणतो, कारण आईने त्यांच्याबद्दल आजवर तेवढंच सांगितलंय. ते उभे राहतात, टेबलावर हात ठेवतात आणि म्हणतात, "माझी माणसं जीव मुठीत धरून बातमी आणतात, आणि तुम्ही त्यांना रकाने भरायला बसवणार?" की सगळ्यांच्या माना हलतात, कॉफी येते, मीटिंग संपते.

"ही तिसरी वेळ," आई म्हणाली. "खात्याच्या मुख्य आहेत ना, मोठ्या मॅडम, त्यांनी सांगितलंय, ह्या वेळी नाही झालं तर विषय कायमचा बंद. आमचं चौघांचं अहवाल तपासायचं टेबलही बंद. मी तळघरात, जुन्या फायलींमध्ये."

"तळघरात!"

"तळघराचं काही नाही गं. तिथे निदान शांतता असते." तिने पसरलेले कागद एकावर एक ठेवले. "मागच्या वर्षीचं ते दार माझ्या डोक्यातून जात नाही. पेपरात आलं होतं म्हणून बोलते. तीन विभागांनी एका घराबद्दल एकच बातमी कळवली. तिघं म्हणतात म्हणजे खरंच असणार. सकाळी माणसं गेली, दार तोडलं. आत एक म्हातारे गृहस्थ दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. त्यांचा कशाशी काही संबंध नव्हता. नंतर कळलं, तिन्ही विभागांना बातमी देणारा माणूस एकच होता. आणि त्यानेही कुठेतरी ऐकली होती. कागदावर ते कुठे दिसतच नव्हतं."

माझे कान तापले. कारण हे माझ्याही बाबतीत घडलं होतं.

झालं असं होतं, की मी शाळेच्या भित्तिपत्रकाची संपादक आहे. (आता आहे. मध्यंतरी तीन आठवडे नव्हते.) सहामाहीत मी मोठ्या अक्षरांत बातमी लावली, 'गणिताच्या बाई शाळा सोडणार'. चार जणींनी सांगितलं होतं! चार म्हणजे केवढी खात्री! दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मी चालले हे मलाही आजच कळलं. आता जाण्याआधी वही तपासू का?" अख्खा वर्ग खिदळला. नंतर शोधलं तर चौघींनी तिसऱ्या बाकावरच्या एकाच मुलीकडून ऐकलं होतं, आणि तिने बाईंना फक्त नवी मोठी बॅग घेऊन येताना पाहिलं होतं. मला सगळ्या शाळेपुढे माफी मागावी लागली. स्टेजवर चढून. पण मागितली, स्पष्ट आवाजात मागितली, आणि गंमत म्हणजे खाली उतरल्यावर मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली. तेव्हापासून आमच्या भित्तिपत्रकात प्रत्येक बातमीखाली असतं, कोणी पाहिलं, कोणी ऐकलं.

म्हणजे आईचाच रकाना! मी तो आधीच शोधून काढला होता!

"आई," मी टेबलावर थाप मारली, "त्यांना समजावू नकोस. त्यांना आपटू दे."

"काय?"

"मी आपटले म्हणून शिकले. मला कोणी बेचाळीस स्लाइड दाखवल्या असत्या तर मी घोरले असते. तू एक बातमी सोड ऑफिसात. साधीशीच. मग मीटिंगमध्ये विचार, कोणाला काय कळलं."

आईचा चेहरा एकदम कडक झाला. "मी खोटं बोलणार नाही. नोकरीत नाही, आणि नोकरी वाचवायला तर नाहीच नाही."

संपलं, मला वाटलं. तेवढ्यात सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपलेले बाबा पेपराखालूनच बोलले. "खोटं कशाला? नुसतं विचार. माझ्या दवाखान्यात मागे एका आजींनी विचारलं, 'डॉक्टर, सुट्टीवर जाणार का?' शनिवारपर्यंत मी परदेशात स्थायिक झालो होतो. दोघांनी तर निरोपाला फुलं आणली."

आई बाबांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग तिने हिरवं पेन उचललं आणि नऊ विषयांवर सरळ एक मोठी फुली मारली. काय सांगू, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याच.

मग आम्ही तिघं कामाला लागलो. विचारायचं कँटीनबद्दल, कारण तिथे सगळेच जेवतात. टेबलावर मिठाची बाटली ठेवली, त्या मोठ्या मॅडम. मिरपुडीची बाटली मिशीवाले, कारण त्यांच्यामुळे सगळ्यांना शिंका येतात. बाकीचे प्रमुख म्हणजे चार चमचे. मिरपुडीला दाराजवळ बसवायचं नाही, तिथून ते उठून जातात, असं आई म्हणाली. फळ्यासमोर बसवायचं. कॉफी निर्णयानंतर.

"हा छळ आहे," आई म्हणाली.

"हे व्यवस्थापन आहे," मी म्हणाले.

नवा कार्यक्रम एका पानाचा. एक, तुम्हाला काय माहीत आहे. दोन, ते कुठून आलं. तीन, निर्णय. वेळ उरला नाही तरी!

मग तालीम. बाबांनी टूथब्रश नाकाखाली आडवा धरला, टेबलावर हात ठेवला आणि गरजले, "माझी माणसं जीव मुठीत धरून..." आई उत्तर द्यायला लागली आणि देतच राहिली, देतच राहिली. मी ग्लासवर चमचा वाजवला. "लांबलं! परत." पाचव्या वेळी तिचं उत्तर एका वाक्यावर आलं. सातव्या वेळी ती नुसती गप्प बसून त्यांच्याकडे बघायला शिकली. टूथब्रश गळून पडला. "बापरे," बाबा म्हणाले, "ह्या नजरेला मी सही करून देतो."

सोमवारी आईने मोठ्या मॅडमना सगळं जाऊन सांगितलं. चोरून काही करायचं नाही, हा तिचा हट्ट. त्या म्हणे फक्त एवढंच म्हणाल्या, "मग मी गुरुवारी डबा आणते. कँटीनमध्ये मला हसू आवरायचं नाही."

आता इथून पुढचं मी पाहिलेलं नाही. ऐकलंय, एकाच माणसाकडून, पण तो माणूस माझी आई आहे आणि तिने ते स्वतः पाहिलंय. हे नोंदवून ठेवते.

गुरुवारी सकाळी नऊला आईने कँटीनवाल्या काकांना कॉफी घेताना विचारलं, "सोमवारी कँटीन बंद असतं का हो?" खरं म्हणजे तिला ते माहीत करून घ्यायचंच होतं, कारण येत्या सोमवारी शहराला सुट्टी होती आणि तिच्या टेबलाला नव्हती. काका म्हणाले, "का? काही ऐकलंत का?" ती म्हणाली, "नाही हो, सहज." एवढंच. सबंध दिवसात तेवढंच एक वाक्य.

दुपारी एकपर्यंत काही म्हणजे काही नाही. लोक जेवले, भांडी वाजली, कोणी कँटीनचा क सुद्धा काढला नाही.  आईने गुपचूप बेचाळीस स्लाइड उघडून ठेवल्या. (मला हे कळल्यावर मी तिच्यावर रागावले. ती म्हणाली, "राणी, तुला तळघर नव्हतं.")

तीन वाजता मीटिंगच्या खोलीत सगळे आले. मिशीवाले शेवटी आले आणि त्यांच्या हातात कागदांची चळत होती. ते बसलेच नाहीत. "मॅडम, विषय सुरू करण्याआधी," ते मोठ्या मॅडमना म्हणाले, "हे निवेदन. एकशे दहा सह्या आहेत. कँटीन कायमचं बंद करून तिथे फायलींची खोली करणं आम्हाला मान्य नाही. माझी माणसं बाहेरून उपाशी येतात!"

आई सांगते, तिला त्या क्षणी खुर्चीवर उभं राहून ओरडावंसं वाटलं. पण तिने सातव्या तालमीसारखा चेहरा ठेवला आणि प्रत्येकापुढे एक कोरं कार्ड सरकवलं. "कँटीनबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? किती जणांकडून कळलं? किती खात्री?"

पाच प्रमुखांपैकी चौघांनी लिहिलं, कायमचं बंद. एकीने लिहिलं, कँटीनवाले काका नोकरी सोडून गावी चाललेत. मिशीवाल्यांनी लिहिलं होतं, 'तीन स्वतंत्र सूत्रं. खात्री पूर्ण.'

"छान," आई म्हणाली. "आता शोधा, कुठून आलं. फोन वापरा."

आणि इथे आईने बाजी मारली. कारण ही माणसं आयुष्यभर हेच तर करतात! त्यांना शोधायला सांगणं म्हणजे आमच्या वर्गाला सुट्टी जाहीर करणं. सगळे फोनवर तुटून पडले. आणि सगळ्यांत भारी कोण होतं माहितीये? मिशीवालेच! त्यांनी फळ्यापाशी उभं राहून फोनवर फोन लावले, खडूने बाण काढले. त्यांच्या ड्रायव्हरला सांगितलं दारावरच्या पहारेकऱ्याने. त्यांच्या सेक्रेटरीला सांगितलं टपालवाल्या बाईंनी. उपप्रमुखाला सांगितलं लिफ्टमध्ये कोणीतरी. ते कोणीतरीही त्यांनी दोन फोनमध्ये पकडलं. अकरा मिनिटांत सगळे बाण एका चौकोनाशी आले: कँटीनवाले काका.

त्यांनी शेवटचा फोन लावला, स्पीकरवर. "काका, कँटीन बंद होणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोणी नाही सांगितलं साहेब! सकाळी अहवालवाल्या बाईंनी विचारलं, सोमवारी बंद असतं का. मी म्हटलं, बाई एवढं विचारतायत म्हणजे वरून काहीतरी शिजतंय. तेवढं भांडीवाल्यांशी बोललो. का, बंद करताय का?"

 मिशीवाल्यांच्या हातात खडू तसाच. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आपल्या एकशे दहा सह्यांकडे पाहिलं. तीन स्वतंत्र सूत्रं, आणि तिन्हींच्या मुळाशी एक साधा प्रश्न. आई नुसती बघत राहिली.

"त्या दाराशी," मिशीवाले अखेर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली होता, "माझी माणसं गेली होती. माफी मागायला मीच गेलो होतो. ते म्हातारे म्हणाले, निदान बेल तरी वाजवायची." ते खुर्चीत बसले. "तुमचा तो रकाना कुठे आहे?"

आईने कागद पुढे केला. त्यांनी सगळ्यांत आधी सही केली. मग बाकीच्यांनी. मग मोठ्या मॅडमनी, आणि त्या म्हणाल्या, "आता कॉफी. कँटीन चालू आहे, हे मी येताना स्वतः पाहिलंय."

त्या दिवशी आई घरी आली तेव्हा लख्ख ऊन होतं. मी शाळेचे बूटही काढले नव्हते. खिडकीतून पाहिलं तर ती फाटकातून जवळजवळ पळत येत होती, पर्स एका खांद्यावर, चप्पल अर्धवट पायात. लिफ्टची वाट न बघता चार मजले जिने चढून आली! दार उघडलं, धापा टाकत उभी राहिली आणि अहवाल दिला:

"नियम मंजूर. स्वतः पाहिलं. मिशीवाले म्हणाले, ही युक्ती तुमची नाही, तुम्ही इतक्या धीट नाही. स्वतः ऐकलं. मी सांगितलं, युक्ती माझ्या मुलीची. ते म्हणाले, तिला दहा वर्षांनी माझ्याकडे पाठवा."

"अंदाज," बाबा स्वयंपाकघरातून ओरडले, "आज बाहेर जेवायचं!"

"किती जणांकडून कळलं?" आईने विचारलं.

मी हात वर केला. दोन्ही. सूत्र मात्र एकच.