तीस पुंगळ्या

काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या धुऊन, वाळवून बाबांच्या हाती द्यायच्या, हे रोवेनाचं काम गेली एकतीस वर्षं होतं. त्यांत पुन्हा बंदुकीची दारू भरायचे ते थर्मन बाबा, पण त्याआधी पुंगळीला हात लागायचा तो रोवेनाचाच. यंदा बाबांना अठ्ठ्याऐंशीवं लागलं होतं आणि एल्क हरणाची ही शेवटची शिकार, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. नेमकं याच वर्षी भावाची नवी बायको टॅमसिन म्हणाली, "अर्ध्या मी करू का?" आणि बाबांनी साठातल्या तीस काढून दिल्यासुद्धा.

रविवारी जेवायला येताना टॅमसिन त्या घेऊनच आली. साबणाचं पाणी, चिमूटभर लिंबूसत्त्व, घासायला फिरत्या पिंपात स्टीलच्या बारीक काड्या. बाबांनी एक पुंगळी खिडकीशी धरली. "यात बघून दाढी करता येईल," ते म्हणाले. रोवेनाने भाजलेला बटाटा ताटात बाजूला सारला. तिच्या तीस पुंगळ्या अजून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात फिरत होत्या आणि निघाल्या तरी मळकट पिवळ्याच निघणार होत्या. एकतीस वर्षांत बाबांनी त्या कधी खिडकीशी नेल्या नव्हत्या.

घरी येऊन तिनेही साबण आणि लिंबूसत्त्व काढलं. दोन धुण्यांत पितळ लखलखलं. आता जुन्या टॉवेलवर दोन दिवस पसरायच्या, एवढंच उरलं होतं. पण तिला त्या सोमवारीच नेऊन बाबांपुढे आपटायच्या होत्या. तिने सगळ्या ट्रेमध्ये घालून ओव्हनमध्ये ढकलल्या. पितळावर शिशाची धूळ असते, ते अन्नाच्या ओव्हनमध्ये जाता कामा नये, हे तिनेच भावाला दहादा सुनावलेलं. आधी आच मंद ठेवली, मग धीर सुटला आणि बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. घोड्यांना गवत टाकून परत येते तो पुंगळ्या तपकिरी-जांभळ्या झालेल्या.

इतक्या आचेने पुंगळीचं बूड मऊ पडतं. मऊ बूड स्फोटाचा दाब झेलत नाही, आणि फुटलं तर बंदुकीला गाल लावलेल्या माणसाच्या तोंडावर येतं.

तरी तिने एक उचलून पॉलिशने घासली. पाच मिनिटांत ती टॅमसिनच्या पुंगळीइतकीच चमकली. अर्ध्या दुपारचं काम, कुणाला कळणार होतं? तिने ती पुंगळी उजेडात फिरवून पाहिली. मग तिला बाबांचा खोल गेलेला गाल आठवला. तिने पकड आणली आणि तीसच्या तीस चेपून टाकल्या.

मंगळवारी ती रिकाम्या हाताने गेली. टॅमसिन तिथेच होती.

"तुझ्या कुठायत?" बाबांनी विचारलं, पण उत्तराची वाट न बघता टॅमसिनचा ट्रे पुढे सरकवला. "आधी या बघ. तू बघितल्याशिवाय मी दारू भरणार नाही. तू नको म्हणालीस तर शनिवारी शिकारीला न जाता घरी बसेन."

रोवेनाने प्रत्येकीत कागदाची सुरळी फिरवली, वाकडी तार घालून आतून कुठे चीर आहे का ते चाचपलं, टॉर्च मारला. एक थेंब सापडू दे, एकच, असं ती मनात घोकत होती. पाणी राहिलं तर दारू ओली होते, आणि मग या बाईला चार शब्द सुनावता येतील. कागद तीस वेळा कोरडा निघाला. नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी बाबांनी ऐकलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलाही.

"चालतील," ती म्हणाली. "चांगल्या आहेत."

"आणि तुझ्या?"

"ओव्हनमध्ये जाळल्या. चेपून टाकल्या."

बाबांनी चष्मा काढून पुसला. टॅमसिनने मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, पहिल्या खेपेला मीही अगदी हेच केलं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वेळी माझ्याकडे ये, मी दाखवते कसं वाळवायचं."

रोवेनाला तिचा इतका राग कधीच आला नव्हता, कारण ती हे मनापासून बोलत होती.