भागीरथीचं बारसं

बारशाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता पहिली भागीरथी आली. तिला वारून साडेतीनशे वर्षं झाली होती. दुष्काळात तिनं गावासाठी तळं खोदवलं होतं, त्यामुळे हेमानं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर गाळाची पावलं उमटली. सासूबाईंनी तिला पाट दिला आणि हेमाला म्हणाल्या, चहा वाढव, अजून येतील.

आल्याच. दरबारात गायलेली भागीरथी, पटकीच्या साथीत गावोगाव हिंडलेली वैदू भागीरथी, तुरुंगात उपास करून गेलेली भागीरथी. नाव तसं घरोघरचं, पण सासूबाईंनी ते या मोठ्या बायकांकडे बघूनच निवडलं होतं. हेमा बारा दिवस लेकीला नुसतं 'ठमे' म्हणत होती. ठमी दूध पिता पिता थांबून ऐकायची. दुसरं नाव ठेवू या का, असं हेमानं नवऱ्याला विचारून पाहिलं होतं. आईचं मन कशाला मोडायचं, म्हणून तो पेढे आणायला निघून गेला.

बायका मावेनात, तसा पाळणा लांब झाला. आधी दारापर्यंत, मग जिना उतरून रस्त्यापर्यंत. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, म्हणत त्या बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देऊ लागल्या. रीतीप्रमाणे बाळ फिरून आईकडे येतं. हे पुढेच चाललं होतं.

"तुमच्या आईचं नाव काय हो?" हेमानं गाणाऱ्या भागीरथीला विचारलं.

तिनं आठवून पाहिलं. "ते कुठं लिहिलेलं नाही, बाई."

तळ्याची भागीरथी म्हणाली, "माझा शिलालेख आहे. त्यात वडलांचं आहे, मालकांचं आहे. बैलांचीसुद्धा आहेत."

"पण आई होती ना तुम्हाला?"

"असणारच की. तू जरा मागं सर. आत्याला जाऊ दे."

कानात नाव सांगायला नणंद निघाली होती. लांब जायचं म्हणून तिनं चपला घातल्या.

हेमा मागं सरली, तेव्हा तिला भिंतीशी उभ्या बायका दिसल्या. त्यांना कुणी पाट दिला नव्हता. सगळ्यांचे हात बाळ घेतल्यासारखे कोपरात वाकलेले, आणि रिकामे. एकीनं अंग चोरून हेमापुरती जागा केली.

लांब, रस्त्याच्या टोकाला, बाळ रडलं. भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्यांचे छातीवरचे पदर एकदम ओले झाले.