तिघांच्या पाठीवरची सॅक

मी एक जुनी ताडपत्रीची सॅक आहे, आणि माझा स्वभाव कडवट आहे हे आधीच सांगून टाकते. युरोप फिरून आलेली सॅक म्हटली की ऐकणाऱ्याला वाटतं, हिच्याजवळ नुसत्या गमतीजमती असतील. त्या आहेत, पण थोड्याच. बाकी सगळं भांडण आहे. मित्रांनो, ते ऐकायची तयारी असेल तरच पुढे बसा.

माझा जन्म सौदीतला, ताइफचा. त्या वर्षांत तेलाला असा काही भाव आला होता की सगळा देश खणून ठेवला होता. ताइफच्या डोंगरावर एक मोठं हॉटेल उठत होतं आणि त्याच्या खालच्या अंगाला आपल्या कामगारांचा कॅम्प होता. तिथल्या शिवणखात्यात जलाल नावाचा हर्णैचा माणूस सिमेंटच्या गोणींवर घालायची आच्छादनं शिवायचा. गावी त्याने होड्यांची शिडं शिवलेली. उरलेल्या ताडपत्रीतून त्याने मला शिवलं आणि ट्रकचा माल बांधायच्या जाड पट्ट्यांचे खांदे लावले. शिवताना तो सारखा पुटपुटत होता. सुटी मिळाली की माणसं घरी जातात, हे शहाणे थंडीत भटकायला निघालेत, असं त्याचं म्हणणं. एवढ्या नाखुशीने जन्माला आलेली वस्तू दुसरी नसेल.

ते तीन शहाणे एकाच केबिनमध्ये राहायचे. गुणाजी देवरुखकडचा. हॉटेलात गार हवा खेळवायचे पत्र्याचे डक्ट तो बनवायचा. बाळाराम त्याच्याच तालुक्यातला, वायरमन. तिसरा ताजुद्दीन दाभोळचा, क्रेन चालवायचा आणि अरबी घडाघडा बोलायचा. तिघांची सुटी एकदम मंजूर झाली होती. घरी जायचं तिकीट सरळ मुंबईचं न घेता रोमवरून घेता येतं, असं जेद्द्याच्या एजंटाने ताजुद्दीनला सांगितलं, आणि गुणाजीच्या मनाने ते घेतलं. रोज तो इटलीहून आलेला संगमरवर बघायचा. तो कुठल्या गावच्या मातीतून येतो ते एकदा पाहायचंच, असा त्याने हट्ट धरला.

प्रत्येकाची स्वतःची लहान बॅग होती. मी तिघांची मिळून. स्टोव्ह, तांदूळ, डाळ, लोणचं आणि सुके बोंबील माझ्या पोटात. मला आळीपाळीने वाहायचं ठरलं होतं. बाकी काहीच ठरलं नव्हतं. गाव आवडलं तर राहायचं, नाही आवडलं तर पुढची गाडी पकडायची. मुंबईच्या परतीच्या तिकिटावर तारीखसुद्धा घातली नव्हती.

मित्रांनो, युरोपने आमचं स्वागत केलं नाही. रोममध्ये स्टेशनाजवळच्या लॉजवाल्या बाईने दार उघडलं, तिघांचे चेहरे पाहिले आणि आतून कडी लावली. पुढच्या दोन दारांतही तेच झालं. फ्लोरेन्सच्या गाडीत माझ्या पोटातल्या बोंबलांचा वास सुटला. समोरच्या म्हाताऱ्याने नाकाला रुमाल लावून तिकीटवाल्याला बोलावलं, आणि त्याने आम्हाला डब्यातून उठवून दारापाशी उभं केलं. गुणाजीला हसू येत होतं. बाळाराम मात्र अपमानाने लाल झाला आणि ते बोंबील आणल्याबद्दल त्याने गुणाजीला सुनावलं. व्हेनिसला पाऊस लागला. मी भिजून दुप्पट जड झाले. आज पाळी कोणाची, यावरून पुलावर उभे राहून दोघे भांडले, आणि शेवटी ताजुद्दीनने मला उचललं.

बाळारामला ते मोकळं फिरणं सोसतच नव्हतं. उद्या कुठे, असं तो रोज विचारायचा. उद्याचं उद्या, असं गुणाजी रोज सांगायचा. मग बाळाराम ताट उचलून दूर जाऊन बसायचा.

व्हिएन्नाला हे सगळं फिरलं. तिथे एका बागेत भलामोठा पाळणा आहे, खोलीएवढे डबे असलेला, सावकाश वर जाणारा. तिघे त्यात बसले, मी खाली पायांशी. डबा वर पोचला आणि बर्फ पडू लागलं. बाळाराम काचेला कपाळ टेकून उभा राहिला आणि मोठ्याने हसला. चार वर्षं एका खोलीत राहून त्या दोघांनी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. शाळा सुटल्यापासून त्याने घर ओढलं होतं, बापाचा, म्हणजे आण्णांचा, दमा, बहिणींची लग्नं. तुला कुठे जावंसं वाटतं, असं त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून व्हिएन्ना सोडायला तो तयार होईना. ट्राममध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचा आणि त्याच ट्रामने परत यायचा.

एका सकाळी त्याच बागेतल्या बाकावर तिघे बसले होते. मी गुणाजीच्या मांडीवर होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

"आता निघू या, बाळाराम," गुणाजी म्हणाला. "ताइफहून निघताना तुझ्या घरून आण्णांना बरं नाही म्हणून कळलं होतं."

"आण्णा वीस वर्षं आजारी आहेत," बाळाराम म्हणाला. "चार दिवसांनी काय बिघडणार आहे? मी राहणार. तुम्हाला जायचं तर जा."

ताजुद्दीन शेजारी संत्रं सोलत होता. त्याने एकदा दोघांकडे पाहिलं आणि फोडी वाटल्या. बाळारामला एकटं टाकून जाणं दोघांना पटलं नाही. म्हणून ते राहिले.

मुंबईला उतरलो तेव्हा मी बाळारामच्या पाठीवर होते. लालबागला त्याच्या काकांची खोली होती, तिथे थांबून तिघे गावाची एस.टी. धरणार होते. दार काकांनीच उघडलं. त्यांचं डोकं तुळतुळीत केलेलं होतं.

कोणी काही सांगायची गरज उरली नाही. आण्णा आम्ही व्हिएन्नात असताना गेले होते. तार ताइफच्या कॅम्पवर गेली होती, पण तिघे रोमला उतरलेत यापलीकडे तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं. पुढचा पत्ता आम्हालाच माहीत नव्हता. पोटचा मुलगा असताना अग्नी चुलत भावाने दिला होता. बाळारामने माझे पट्टे खांद्यावरून सोडले, मला जिन्यात टाकलं आणि गुणाजीकडे वळून म्हणाला, "तू अडकवून ठेवलंस मला."

गुणाजीने तोंड उघडलं. मग त्याची नजर काकांच्या डोक्याकडे गेली आणि त्याने ते मिटलं. तेवढ्या गप्प राहण्याची किंमत त्याने पुढे वर्षभर मोजली. पण मित्रांनो, त्या दारात उभं राहून तुम्ही तरी काय बोलला असता?

सुटी संपली आणि तिघे पुन्हा त्याच केबिनमध्ये आले. खोली बदलून देण्याइतकी जागा कॅम्पात नव्हती. गुणाजीने मला जिन्यातून उचलून आणलं होतं. त्याने मला त्याच्या आणि बाळारामच्या खाटेच्या मधल्या खिळ्यावर टांगलं, म्हणून दोन्हीकडचा राग मी रोज झेलला. बाळारामने कॅम्पभर सांगितलं होतं की गुणाजीने मौजेपायी त्याला बापाचं तोंड पाहू दिलं नाही. आपली माणसं अशा बाबतीत चौकशी करत नाहीत. गुणाजी मेसमध्ये ताट घेऊन बसला की बाकावरचे उठून दुसरीकडे जात. त्याच्या ताटात डाळ वाढणारा पळी वरूनच आपटायचा. जलालने तर माझी उसवलेली शिवण घालायलाही नकार दिला. असल्या माणसाच्या सामानाला मी हात लावणार नाही, म्हणाला. ज्याने मला शिवलं त्याच्याकडूनच मी हे ऐकलं.

गुणाजीने सुरुवातीला खरं सांगून पाहिलं. मेलेल्याचं खापर आता पोरावर फोडतोय, असं उत्तर मिळालं. तेव्हा तो ताजुद्दीनकडे गेला.

"तू तिथे होतास. लोकांना सांग."

ताजुद्दीन खाटेवर बसून बूट काढत होता. "बाप गेलाय त्याचा," तो म्हणाला. "तुला दोष दिला की त्याला झोप लागते. थोडं सोस."

"माझ्या जिवावर पुण्य करू नकोस," गुणाजी म्हणाला.

त्या दिवसापासून तो ताजुद्दीनशीही बोलेनासा झाला. एका खोलीत तिघे, आणि तिघांचे तीन चहा वेगळे. ताजुद्दीन शुक्रवारी नमाजाला मक्केला उतरायचा आणि येताना पूर्वीसारखीच तिघांसाठी खजूर आणायचा. खजूर टेबलावर पडून वाळून जायचा. एकदा गुणाजी कामावर असताना बाळारामने सुरी घेतली आणि माझा एक पट्टा कापला. कापताना त्याचा चेहरा शांत होता, याची मला जास्त भीती वाटली. गुणाजीने संध्याकाळी लोंबता पट्टा पाहिला. तेव्हापासून तो आपली भांडी आणि टॉवेलसुद्धा पेटीत कुलूप लावून ठेवू लागला.

असं वर्ष गेलं. मग गावाकडून काही नवे कामगार आले. दुपारी कामावर बाळारामने त्यांना बोटाने गुणाजी दाखवला आणि हाच तो, म्हणाला. गुणाजी हातातलं काम टाकून गेला आणि त्याने बाळारामला दोन्ही हातांनी ढकललं. मागे कापलेल्या पत्र्यांची चळत होती. बाळारामने आधाराला हात टेकला आणि त्याचा तळवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटला.

गुणाजीला सामान बांधायचा हुकूम झाला. मारामारी करणाऱ्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द, खलास. त्याने सगळे कपडे माझ्यात कोंबले आणि मला मांडीवर घेऊन तो ऑफिसात बसला, म्हणून पुढचं मला कळलं. समोर मुदीर, म्हणजे तिथला मोठा साहेब होता. बाजूला हाताला पट्टी बांधलेला बाळाराम. अरबीत सांगायला ताजुद्दीनला बोलावलं होतं.

भांडण कशावरून झालं, असं मुदीरने विचारलं. ताजुद्दीनने दोघांकडे पाहिलं. मग तो बोलायला लागला, हळू, थांबत थांबत. मला अरबी येत नाही. बाळारामलाही कामापुरतीच यायची. पण सांगता सांगता ताजुद्दीनच्या तोंडून "व्हिएन्ना" हा शब्द निघाला, आणि बाळाराम खुर्चीवरून उठला.

"साब, मैं खुद गिरा," तो घाईघाईने म्हणाला. "किसीने धक्का नहीं दिया."

ताजुद्दीनने तेच अरबीत सांगितलं, तेव्हा मुदीरने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. काहीतरी आपल्यापासून लपवलं जातंय हे त्याला दिसत होतं, पण ते खणत बसायला त्याला वेळ नव्हता. यल्ला, चला निघा, असं म्हणून त्याने हात झटकला. गुणाजीची नोकरी राहिली. बाहेर आल्यावर त्याने बाळारामचे आभार मानले नाहीत, आणि बाळारामने त्याची वाटही पाहिली नाही.

जखम भरल्यावर बाळारामने जुबैलच्या कामावर बदली मागून घेतली. जायच्या दुपारी पिकअप मेससमोर उभी होती. आत सगळे जेवत होते. गुणाजी हल्लीच्या सवयीने बाहेरच्या पायरीवर ताट घेऊन बसला होता आणि उन्हात वाळवायला त्याने मला शेजारी टाकलं होतं. बाळाराम पेटी ठेवायला गाडीकडे गेला आणि मग परत फिरून पायरीपाशी उभा राहिला.

"त्या दिवशी बाकावर तू निघू म्हणाला होतास," तो म्हणाला. "मला आठवतंय. सगळं आठवतंय."

गुणाजीने ताटातून मान वर केली. त्याच्या डोळ्यांत जरासुद्धा ओल नव्हती.

"मला काय सांगतोस? मला ठाऊकच आहे. आत जाऊन सांग."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाळारामने गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, जाणार हा. पण तो पायऱ्या चढला आणि गुणाजीच्या शेजारून मेसच्या दारातून आत गेला. आतला ताटवाट्यांचा आवाज हळूहळू बंद पडला. त्याचे शब्द बाहेर आले नाहीत, नुसता आवाज येत राहिला, एकसारखा, खालच्या पट्टीतला. ताट मांडीवर घेऊन गुणाजी ऐकत राहिला. घास त्याने घेतला नाही.

बाळाराम बाहेर आला तो सरळ गाडीत जाऊन बसला. त्याने मागे पाहिलं नाही आणि गुणाजीने हात केला नाही. पुढे ते दोघे कधी भेटले नाहीत, आणि मी गोड शेवट सांगणाऱ्यांतली नाही, म्हणून ते तसंच सांगते.

धूळ बसल्यावर मेसमधून माणसं बाहेर आली. जलालच पुढे झाला.

"गुणाजी, जेवण गार झालं तुझं," तो म्हणाला. "आत ये. गरम वाढतो."

ताजुद्दीन दारात उभा होता. मग गुणाजी मला उचलून उठला, त्याच्या समोरून आत गेला आणि बाकावर त्याने आपल्या शेजारी ताजुद्दीनपुरती जागा ठेवली.

मित्रांनो, मी सॅक आहे. ओझं वाहणं हे माझं काम, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्या पाठीवरचं जड झालं म्हणून ते गुपचूप दुसऱ्याच्या पाठीवर ढकलू नका. आणि कोणी तसं ढकलताना दिसला, तर संत्रं सोलत बसू नका.