उघड वाटलेली पायरी

सरांचं आयुष्य बैजिक भूमितीत गेलं. समीकरणांतून जे पृष्ठभाग उभे राहतात, त्यांतले काही एखाद्या जागी चिमटल्यासारखे असतात. ते चिमटे एका ठरावीक रीतीने सोडवता येतात, हे सरांनी तरुणपणी सिद्ध केलं होतं. त्याच प्रमेयाने त्यांना नाव दिलं, आणि त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनीचा प्रबंधही त्याच्यावरच उभा राहिला. घरात मूलबाळ नव्हतं, म्हणून सर आणि त्यांची बायको तिला 'थोरली' म्हणत.

थोरली त्यांच्याच विभागात तात्पुरत्या जागेवर शिकवत होती. एका रविवारी दुपारी ती घरी आली, चहा नको म्हणाली आणि सरांपुढे त्या प्रमेयात न बसणाऱ्या एका पृष्ठभागाचं उदाहरण मांडलं. सर आधी चिडले, मग कागद ओढून बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनाच कळून चुकलं, की हा चिमटा सुटत नाही. सिद्धतेत जिथे 'हे उघड आहे' असं लिहून ते पुढे गेले होते, तिथेच पाय घसरला होता.

"पुढच्या महिन्यात माझी कायम नेमणुकीची मुलाखत आहे, सर," ती म्हणाली. "तेवढं थांबाल?"

सर म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवशी सरांनी विभागप्रमुखांना चूक सांगितली, तर त्यांनीही तेच सुचवलं. इतकी वर्षं झाकली मूठ होती, अजून महिनाभर राहील, असं म्हणून ते हसले. त्या हसण्याने सरांचं डोकं फिरलं. आपण कुणाच्या पंगतीला बसतोय, असं त्यांना वाटलं. त्याच दुपारी त्यांनी नियतकालिकाला कळवून त्या प्रमेयाचा लेख मागे घेतला. थोरलीला सांगितलंसुद्धा नाही.

मुलाखतीत तिला विचारलं, तुमच्या प्रबंधात आता उरलं काय? चूक आपणच शोधली, हे ती बोलली नाही. कधी शोधली आणि सरांना थांबायला सांगितलं होतं, हेही मग सांगावं लागलं असतं. जागा दुसऱ्याला गेली.

सरांच्या प्रामाणिकपणाची मात्र वाहवा झाली. मोठ्या परिषदेत भाषणाचं बोलावणं आलं. त्यांनी ते घरी सांगितलं, तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"खरं तुम्ही बोललात," ती म्हणाली, "आणि किंमत पोरीने मोजली."

सर थोरलीच्या खोलीवर गेले. तिला विमा कंपनीत नोकरी लागली होती, सामान बांधून झालं होतं. मी थांबायला हवं होतं, असं ते कसंबसं म्हणाले.

"नाही सर. सांगायलाच हवं होतं," ती म्हणाली. "फक्त आधी मला सांगायचं."

सरांनी भाषणाला नकार कळवला. त्याने कुणाचंच काही भलं झालं नाही. थोरली पुन्हा त्यांच्या घरी आली नाही.