बाबांचं काळीज

माझे बाबा, नामा, पावण्याच्या खाडीत बुडी मारून रेती काढायचे. श्वास रोखण्यात गावात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

सत्त्याण्णव साली जवळच्या इस्पितळात हृदयाचं एमआरआय सुरू झालं. पण पेशंट श्वास घ्यायचे, छाती हलायची आणि चित्राचा नुसता चिखल व्हायचा. मग डॉक्टर सबनीसांनी मशीन जुळवायला बाबांना बोलावलं. बाबा त्या नळीत पडून श्वास रोखायचे, आणि हृदय आरशासारखं स्वच्छ उमटायचं. वर्षभर हेच चाललं. सबनीसांनी खूश होऊन एक चित्र फ्रेम करून दिलं. बाबांनी ते देवांशेजारी टांगलं आणि आल्यागेल्याला दाखवलं, "बग, यो माजा कालीज!"

दिवाळीनंतर बाबा अंगणात कोसळले ते उठलेच नाहीत.

बाराव्याला ऐरोलीहून माझे चुलतसासरे आले. ते स्वतः डॉक्टर. फ्रेमपुढे ते थबकले. "हृदयाची ही भिंत केवढी पातळ झालीय! तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी फ्रेम उचलली, भावाला, प्रीतमला, सोबत घेतलं आणि ती सबनीसांच्या टेबलावर आपटली. त्या माणसाने ते हृदय तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

"खरंय," ते म्हणाले. "पण आम्ही फक्त चित्राच्या कडा हलल्यात का, तेवढंच बघत होतो."

लाज नाही, काही नाही. फ्रेम बाजूला सारून त्यांनी प्रीतमच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून नजर खाली त्याच्या छातीवर आणली.

"तू पण बुडी मारतोस का रे?"